बारा चौकोनांची पायरी

हे लिहायचंच नाही, असं पट्टीनं जवळजवळ पक्कं केलं होतं. दोनदा चार ओळी टाईप केल्या, दोनदा पुसल्या. स्वतःची फजिती स्वतःच्या हातानं कोण मांडून ठेवतं? पण ओळी पुसल्या तरी फजिती काही पुसली जाईना. तेव्हा तिसऱ्यांदा बसला आणि लिहून टाकली. ती अशी.

पट्टी हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. तो मामाच्या फ्रेमच्या दुकानात काम करायचा, आणि स्टीलची फूटपट्टी कायम त्याच्या मागच्या खिशातून डोकं वर काढून असायची. काचा कापायच्या, पुठ्ठ्याला तिरपी धार द्यायची, लोकांचे लग्नाचे फोटो सरळ बसवायचे, हे झालं पोटाचं काम. मनाचं काम निराळं. ते दुकानाच्या मागच्या खोलीत, गुंडाळ्या करून ठेवलेलं होतं.

रोज सकाळी पेपर आला की शेअरच्या पानावरून सात कंपन्यांचे आदल्या दिवशीचे बंद भाव घ्यायचे, आणि टोकदार पेन्सिलीनं चौकटीच्या कागदावर एकेक ठिपका. एक चौकोन म्हणजे एक रुपया. कागद संपला की डिंकानं पुढचा जोडायचा. सातही कंपन्या म्हाताऱ्या आणि सुस्वभावी. वीज, पाणी, साबण, विमा असल्या. उड्या मारणाऱ्या शेअरांचं त्याला वावडं होतं. जिचं नाव ऐकून जांभई येते ती कंपनी चांगली, असं त्याचं मत. अशा कंपन्या गाजावाजा करत नाहीत, दर सहा महिन्यांनी गुपचूप डिव्हिडंड देतात, म्हणजे नफ्यातला तुमचा वाटा, आणि पुन्हा आपल्या कामाला लागतात.

"अरे, मोबाईलवर एका टिचकीत दिसतं हे सगळं," मामा म्हणायचा. "कागद कशाला नासवतोस?"

"हातानं काढली की रेघ बोलते, मामा."

"बोलते का? मग तिला सांग, जरा काउंटरवर ये आणि गिऱ्हाईकाशी बोल."

पण पट्टीला ती खरंच ऐकू यायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की भिंतीला टेकवलेल्या काचांतून ऊन आत यायचं, त्याचे तुकडे छतावर हलत राहायचे, आणि तो कागद उलगडून बसायचा. भावाची रेघ काळी. गेल्या दोनशे दिवसांच्या सरासरीची रेघ निळी, कारण ती पाण्यासारखी वाटायची, सावकाश, जड, कुठेच घाई नसलेली. काळी रेघ त्या निळीवर तरंगत असायची, कोणी तळ्यात पाठीवर पडून राहावं तशी. आणि सगळ्यात खाली एक छोटी पट्टी, आरएसआयची. गेल्या चौदा दिवसांत शेअर किती चढला आणि किती उतरला, त्याचं शून्य ते शंभरमधलं माप. सत्तरच्या वर म्हणजे लोकांच्या अंगात आलंय, तिसाच्या खाली म्हणजे लोकांची गाळण उडालीय. त्याच्या कंपन्या पन्नासाच्या आसपास डुलक्या घेत असायच्या. बघता बघता त्यालाही डुलकी लागायची.

हे सगळं तो लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकावरून शिकला होता. शिकवायला कोणी नव्हतं, त्यामुळे कंटाळवाणी प्रकरणं सोडून द्यायची मुभा होती. ती त्यानं भरपूर वापरली.

त्याचा दोस्त शिट्टी. शाळेत ह्या दोघांना लोक एकाच दमात हाक मारायचे, पट्टी-शिट्टी, जणू एकच माणूस. शिट्टी आता पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होता, उंच खुर्चीवर बसायचा आणि गळ्यातली शिट्टी वाजवून काठावर पळणाऱ्यांना दम द्यायचा. आणि शिट्टीची आई, म्हणजे पट्टीच्या काकू. खरी गोष्ट काकूंची.

शिट्टीचे वडील पाणीवाल्या कंपनीत व्हॉल्व्ह सोडायचं काम करायचे. एकतीस वर्षं. पहाटे उठून मोठाल्या लोखंडी चाकांना पीळ द्यायचा, की अर्ध्या गावाच्या नळांना पाणी. निवृत्त होताना कंपनीनं त्यांना सहाशे शेअर दिले. दोन वर्षांनी ते गेले. तेव्हापासून वर्षातून दोनदा काकूंच्या नावावर डिव्हिडंड जमा व्हायचा, आणि काकू शिट्टीला हाक मारून सांगायच्या, "ह्यांचा निरोप आला रे."

रक्कम फार नसायची. त्या पैशांचं त्या काहीही करायच्या. एकदा पडदे, एकदा बुटांचा जोड, एकदा नुसतीच टॅक्सी करून गावभर फिरून आल्या. विचारलं तर म्हणाल्या, "त्यांना टॅक्सीत बसायची हौस होती."

यंदा वाऱ्यावर एक बातमी उठली. कंपनीनं आपलं जुनं तळं विकलं. दवाखान्याच्या रांगेत कोणीतरी काकूंना म्हणालं, पाणीवाली बुडतेय, पाणीवाली!

काकू त्या दिवशी तडक फ्रेमच्या दुकानात आल्या. "काय रे, तुझी ती रेघ काय म्हणते?"

पट्टीनं कागद उलगडला. "झोपलीय, काकू. शांत. भाव शंभराला, सरासरी शहाण्णववर. जोवर काळी निळीच्या वर आहे तोवर काळजी नाही."

"आणि खाली गेली तर?"

"तर मी सांगेन."

काकूंनी मान हलवली. जाताना निळ्या रेघेवरून बोट फिरवून गेल्या, एखाद्याच्या पाठीवरून फिरवावं तसं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी, पट्टीनं पेपर उघडला. पाणीवाली अठ्ठ्याऐंशी. आदल्या बंद भावाच्या बारा चौकोन खाली, एका दिवसात. भावाच्या बाजूला छापलेली एक बारीक चांदणी होती, ती त्याला शाईचा डाग वाटली. त्यानं ठिपका दिला. काळी रेघ निळीला भोसकून आरपार खाली गेली होती. आरएसआय बावीस. पुस्तकाप्रमाणे बावीस म्हणजे लोक नको तितके घाबरलेत, अशा वेळी जरा दम धरावा. पण सरासरी तुटलेली बघितल्यावर त्यानं बाविसाकडे काणाडोळा केला. किंमत सगळं सांगते, असं पुस्तकात जाड अक्षरात होतं. जाड अक्षरं त्यानं एकही सोडली नव्हती.

दुकानाचं शटर अर्धं ओढून तो काकूंकडे गेला. शिट्टी कामावर निघायच्या तयारीत होता, खांद्यावर टॉवेल.

"विका," पट्टी म्हणाला.

काकू कप विसळत होत्या. नळ चालूच राहिला.

"सगळे?" शिट्टीनं विचारलं.

"सगळे. हे बघ, कशी पडलीय. दोन वर्षांत अशी कधी पडली नव्हती. कोणाला तरी आतलं काहीतरी कळलंय."

"आईला कंपनीचं पत्र आलंय परवा. ते बघतोस का?"

"पत्रात काय असणार? गोड गोड. कंपन्या खोटं बोलतात, रेघ बोलत नाही."

"तुला नक्की?"

"शंभर टक्के."

हा आकडा त्याच्या तोंडून इतका सहज निघाला, की नंतर कित्येक दिवस त्याला त्याची चव आठवत राहिली.

काकूंनी नळ बंद केला. "म्हणजे निरोप बंद," त्या म्हणाल्या. तक्रार म्हणून नाही. दूधवाला उद्यापासून येणार नाही म्हणावं तसं. मग हात पुसले आणि शिट्टीला म्हणाल्या, "उद्या सकाळी ब्रोकरकडे जाऊन येऊ. मला ती जिन्याची जागा एकटीला जमत नाही."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, दुपारी मामा जेवायला गेला होता. दुकानाची फरशी नुकतीच पुसलेली, गार. पट्टीला आपली कामगिरी नजरेखालून घालावीशी वाटली, म्हणून त्यानं पाणीवालीची अख्खी गुंडाळी, दोन वर्षांची, काउंटरपासून मागच्या दारापर्यंत उलगडली. दोन्ही टोकांना फ्रेमचे तुकडे ठेवले. चपला काढल्या आणि कागदाच्या कडेकडेनं हळूहळू चालत निघाला.

ऊन काचांतून येऊन कागदावर पडलं होतं आणि हलत होतं, त्यामुळे रेघही हलतेय असं वाटायचं. तो चालत राहिला. हा हिवाळा. हा मामाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा महिना. अर्धवट झोपेत माणूस ओळखीच्या नदीकाठानं जातो तसा तो चालला होता, आणि अशा चालण्यात नजर कशावर ठरत नाही म्हणूनच काही गोष्टी दिसतात. त्याला एक पायरी दिसली. छोटीशी, दोन चौकोनांची. रेघ तिथं एका दिवसात दोन घरं उतरली होती आणि मग जसं काही झालंच नाही अशी पुन्हा हळूहळू वर आली होती.

तो पुढे गेला. आणखी एक पायरी. दोन चौकोन.

त्यानं खिशातून फूटपट्टी काढली आणि गुडघे टेकून दोन्हींमधलं अंतर मोजलं. सहा महिने. पुढे सरकला. तिसरी पायरी, दोन चौकोन, पुन्हा सहा महिने. कागदातून कोणीतरी ठरलेल्या वेळी खाली उतरत होतं, काहीतरी ठेवत होतं आणि परत वर जात होतं.

सहा महिन्यांनी. ह्यांचा निरोप.

फरशीच्या गारव्यावर बसल्या बसल्या त्याला एखादं वाद्य जुळावं तसं सगळं कळत गेलं. कंपनी डिव्हिडंड देते तो कुठून देते? स्वतःच्याच पोटातून. ठरलेल्या तारखेपर्यंत ज्याच्याकडे शेअर असेल त्याला पैसे मिळणार. त्या तारखेनंतर घेणाऱ्याला मिळणार नाहीत, मग तो तेवढा भाव कमीच देणार. पैसे हरवत नाहीत. ते भावातून निघून माणसाच्या हातात जातात. मोबाईलवरचे चार्ट पुष्कळदा ती पायरी आपोआप बुजवून टाकतात. हातानं ठिपके देणाऱ्या शहाण्याला ती स्वतः बुजवावी लागते. हे बहुतेक त्या पुस्तकाच्या कंटाळवाण्या प्रकरणांपैकी एकात होतं.

आणि बारा चौकोन? तळं विकल्याचे पैसे! पेपरातली ती चांदणी शाईचा डाग नव्हतीच, डिव्हिडंडची खूण होती.

त्यानं शिट्टीला फोन लावला. वाजत राहिला. तलावावर फोन कपाटात ठेवावा लागतो. गुंडाळी तशीच जमिनीवर टाकून तो पळाला. दुकान उघडं, चपला आत. रस्ता तापलेला, त्यामुळे पळणं कमी आणि नाचणं जास्त. लोक बघत होते.

तलावाची दुपारची वेळ, पोहणारे तीनच. निळं पाणी एवढं शांत होतं की पट्टीला क्षणभर वाटलं, आपण आपल्याच कागदात शिरलोय. वर उंच खुर्चीवर शिट्टी बसलेला.

"विकू नका!" पट्टी खालून ओरडला. आवाज समोरच्या भिंतीला जाऊन परत आला.

शिट्टीनं खाली बघितलं. "सकाळी दहालाच विकले. तुझे पाय का जळालेत?"

पट्टी काठावरच बसला आणि पाय पाण्यात सोडले. मग सांगितलं. सगळं, पायऱ्यांसकट. शिट्टी पाण्यावरची नजर न हलवता ऐकत होता, कामच तसं होतं. शेवटी एवढंच म्हणाला, "पत्र बघ म्हटलं होतं तुला."

"हो."

"आईला तू सांगायचंस. मी नाही."

संध्याकाळी काकूंनी ते पत्र टेबलावर ठेवलं. दोन परिच्छेद. ह्या वेळी नेहमीचे दोन, आणि जुन्या तळ्याच्या विक्रीतले खास दहा. दर शेअरमागे बारा. पट्टीनं ते मोठ्यानं वाचलं आणि मग आपली चूक सांगितली. मधे 'म्हणजे', 'तसं बघितलं तर' असं बरंच काही आलं. काकूंनी ते सगळं गाळून घेतलं.

"थांब. म्हणजे कंपनीनं आपल्या खिशातून काढून माझ्या हातात ठेवले, आणि तू चोर चोर म्हणून ओरडलास?"

"...हो, काकू."

"आणि मी घाबरून घरच विकलं."

पट्टीनं पत्राची घडी घातली.

"हे बारा तरी येणार का?"

"येणार. त्या तारखेला शेअर तुमच्याकडे होते."

"मग निरोप आलाच की." काकूंनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर विशेष काही नव्हतं, समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी फक्त. "आता ते शेअर परत घेता येतात का?"

"येतात. पण विक्रीचे पैसे हातात यायला दिवस लागतील. तोवर भाव वर गेला तर तेवढे नाही मिळणार."

"जेवढे मिळतील तेवढे. अर्धा निरोप तर अर्धा."

पैसे यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात पट्टीनं नवा कागद घेऊन पाणीवाली पहिल्यापासून परत काढली. ह्या वेळी प्रत्येक पायरीच्या मागचे सगळे भाव डिव्हिडंडाएवढे खाली घेतले, म्हणजे पायरी बुजते. दोनशे दिवसांची सरासरी पुन्हा मांडली. खोडरबराचा चुरा सगळीकडे. मामानं एकदा डोकावून बघितलं आणि, आश्चर्य म्हणजे, चुरा झाडून गेला. नव्या कागदावर काळी रेघ निळीला शिवलीसुद्धा नव्हती. आरएसआय चोपन्न. पाणीवाली झोपेतच होती, तिनं फक्त कूस बदलली होती. इतकं सुंदर चित्र त्यानं आजवर काढलं नव्हतं, आणि ते त्याला बघवत नव्हतं.

तोवर बाजारालाही कळलं असावं, की तळं विकूनही कंपनी धडधाकट आहे. पैसे हातात आले त्या दिवशी भाव त्र्याण्णव होता. दलाली जाऊन काकूंचे पाचशे चौसष्ट शेअर आले. छत्तीस गेले.

"तळ्याचे दहा मिळतील ना, त्यातून घ्या की उरलेले," पट्टी काकूंना म्हणाला.

"ते दातांना ठेवलेत. आधी दात. शेअर काही चावता येत नाहीत."

"मग मी भरून देतो. छत्तीसचे पैसे."

"गप रे. माझ्या सहीनं विकले, तू काय माझा हात धरला होतास? चहा घे."

काकूंकडे विषय संपला. पण शिट्टी आठ दिवस पट्टीशी धड बोलला नव्हता. फोन उचलायचा, "कामात आहे" म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. वीस वर्षांत असं पहिल्यांदाच. दुकानात कोणी नुसतं "पट्टी" म्हणून हाक मारली, की हाक अर्धीच आल्यासारखी वाटायची.

शेवटी रविवारी सकाळी, तलाव उघडायच्या आधी, पट्टी तिकडे गेला. शिट्टी लांब दांड्याच्या जाळीनं पाण्यावरची पानं काढत होता. उन्हाची जाळी तळाशी थरथरत होती. पट्टी दुसरी जाळी घेऊन समोरच्या काठावर उभा राहिला. दोघं बराच वेळ पानं काढत राहिले. पानं संपली तरी काढत राहिले.

"मला पैशांचा राग नाही," शिट्टी पाण्याकडे बघत म्हणाला. "आई त्या रात्री नळ चालू सोडून नुसती उभी होती. हात धुवायचे नव्हते, काही नव्हतं. नुसती ऐकत होती. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाली, काही नाही, बघत होते अजून येतंय का."

पट्टीनं जाळी काठावर ठेवली.

"तुझ्यावर विश्वास ठेवला तिनं. आणि मी तर तिला जिना चढवला."

"काकूंना मी पैसे देऊ केले. त्या घेत नाहीत."

"नाहीच घेणार."

"म्हणून पैसे नाही देत. शेअर देतो. पाणीवालीचे. महिन्याला एक. माझ्या पगारात तेवढा बसतो. काकूंच्या खात्यावर, तू सांभाळतोस तिथं. छत्तीस महिने. त्यांना सांगायचं नाही."

शिट्टीनं पहिल्यांदा मान वर केली. "म्हणजे आता तीन वर्षं कागद पसरून बसणार, आज घेऊ की उद्या घेऊ, सरासरी काय म्हणते, खालची ती पट्टी काय म्हणते—"

"नाही. एक तारखेला. रेघ न बघता."

"तू? न बघता?"

"न बघता."

"आणि पडली तर?"

"तरी एक."

"चढली तर? महाग झाली तर? हात शिवशिवणार तुझे."

"शिवशिवू देत. तरी एकच, आणि त्याच दिवशी. एखाद्या महिन्यात पगार लांबला तर मामाकडून उसने घेईन, पण तारीख चुकवणार नाही. तुला शब्द देतो."